पंचेचाळिशी उलटल्यावर गिटार: बोटं सोलवटली, एफ लागत नाही, सोडू की धरून ठेवू?

पेटीवाली_डिचोली:

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीची, वय ४७. महिला भजनी मंडळात पेटी वाजवते, विशारद वगैरे काही नाही, सगळं कानाने उचललेलं, पण मंडळ स्पर्धेला उभं राहिलं की पेटीवर मीच असते. भाचा दुबईला नोकरीला गेला तेव्हा त्याची गिटार आमच्याकडे ठेवून गेला, म्हणाला मावशी नुसती पडून राहण्यापेक्षा तू हात लाव. आमच्या लहानपणी वाड्यावरच्या मुलींना एकतर पेटी नाहीतर जत्रेच्या नाटकात काम, गिटार वाजवायची ती मडगाव-म्हापशाकडची मुलं, असंच होतं, त्यामुळे हौस कुठेतरी राहून गेलेली. लावला हात. मजा येतेय हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं रडगाणं वाचून कोणी गैरसमज करून घेऊ नये.

तर रडगाणं. डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलवटलीत, आमटीला चिंच कोळताना झोंबतात. सी, जी, ए मायनर, ई मायनर हे कॉर्ड (म्हणजे दोन-तीन बोटांनी तारा दाबून एकदम वाजवायचे सूर) सुटे सुटे वाजतात पण सी वरून जी वर पोचेपर्यंत गाणं पुढच्या ओळीत गेलेलं असतं. आणि तो एफ! पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या म्हणे, माझ्या दोन वाजतात आणि बाकीच्या नुसत्या ठक ठक. यूट्यूबवरचा मुलगा हसत हसत सांगतो की थोड्या सरावाने येईल, त्याची बोटं बघितली तर माझ्या दीडपट आहेत. मला दोन-चारच्या मापाची बांगडी होते, यावरून हाताचा अंदाज करा.

क्लासलाही जाऊन आले. सर चांगले आहेत पण बाकी सगळी पाचवी-सहावीतली मुलं, मला आंटी म्हणतात आणि माझ्या आधी पुढच्या धड्यावर जातात. त्याचं एवढं काही नाही, पण शिकवतात ती सगळी इंग्रजी गाणी, मी ती कधी ऐकलेलीच नाहीत, मग चुकलं तरी कानाला कळत नाही. मला भावगीतं, अभंग, झालंच तर एखादं नाट्यपद असं वाजवायचंय, स्टेजवर जायचं नाहीये.

हे सगळं वयामुळे होतंय का? नायलॉनच्या तारांची गिटार घेऊ का? आणि पेटीचं जे थोडंफार येतं त्याचा इथे उपयोग आहे की पाटी कोरी करूनच बसायचं? घरचे म्हणतात पेटी बरी चाललीय ना, मग हा उपद्व्याप कशाला.

सहा_तारा:

ताई, वयाचं नंतर बघू, आधी ती गिटार तपासा. मी मडगावला जोडधंदा म्हणून गिटारी दुरुस्त करतो आणि "मला जमत नाही" म्हणणारे जे मोठ्या वयाचे लोक येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाद्यच अडवत असतं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारींत तारा कारखान्यातूनच उंच ठेवलेल्या असतात, कारण उंच तार खरखरत नाही आणि दुकानात तक्रार घेऊन कोणी येत नाही. बोटं मात्र शिकणाऱ्याची जातात. बारा वर्षांचा पोरगा ते सहन करून पुढे जातो, आपण मोठी माणसं स्वतःलाच दोष देऊन गिटार कपाटावर ठेवतो.

घरच्या घरी बघायचं तर असं बघा. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते डोळा खाली आणून बघा, केसभर असायला हवी, त्याहून ठळक दिसली तर नट उंच आहे (नट म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून जातात ती). दुसरं म्हणजे कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) मिळाला तर पहिल्या फ्रेटवर लावा आणि तोच एफचा आकार एक घर पुढे धरा. एकदम सोपा वाटला तर दोष तुमच्या बोटांत नाही, नटमध्ये आहे. मग बाराव्या फ्रेटवर फ्रेट आणि तार यांच्यातलं अंतर मुलांच्या कंपासमधल्या पट्टीने मोजा, जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास, बारीक तारेखाली दोन हवं. साडेतीन-चार भरलं तर त्या गिटारीवर मलासुद्धा एफ वाजवताना घाम फुटेल.

इलाज स्वस्त आहे, त्याला सेटअप म्हणतात. नटच्या खाचा किंचित खोल करायच्या, मानेतला ट्रस रॉड (मान सरळ राखणारी सळी) बघायचा आणि खालच्या ब्रिजवरचं, म्हणजे फळीवर तारा अडकवतात त्या ठोकळ्यावरचं सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) घासायचं. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचा असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट बरोबर तारेच्या मध्यावर येतो. पण हे सँडपेपर घेऊन स्वतः करायला जाऊ नका हां, सॅडलचा तळ वाकडा झाला तर आवाज बसतो आणि नटची खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून झणझणते, मग नवीन नट घालण्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि तारा बदला. दुकानात बहुतेक १२-५३ चा संच देतात (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे), त्याच्यावर लाइट असं लिहिलेलं असतं तरी बोटांना तो काही लाइट नाही. सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो. १०-४७ चा संच घाला, त्याला एक्स्ट्रा लाइट म्हणतात. आवाज थोडा पातळ येईल, येऊ दे. नायलॉनचा ताण ४० किलोच्या आसपास असतो हे खरं, पण त्या गिटारीची मान रुंद असते, नटपाशी ५२ मिलिमीटर, स्टीलवाल्यांची ४३ च्या जवळपास. दोन-चारच्या बांगडीवाल्या हाताला ती रुंदी जड जाईल. आणि कोणी काही सांगो, नायलॉनच्या गिटारीवर स्टीलच्या तारा चढवू नका, ब्रिज उखडून हातात येतो, असे दोन-तीन पेशंट दर मोसमात माझ्याकडे असतात.

उशिरा_सूर:

मी म्हापशाचा, निवृत्तीच्या तोंडावर सुरुवात केली, त्यामुळे ताई तुम्ही माझ्या मानाने तरुणच. सहा_तारा यांचं सेटअपचं शंभर टक्के बरोबर, पण नायलॉनबद्दल माझं मत उलटं आहे. मान रुंद असते म्हणूनच नवख्याचं एक बोट शेजारच्या तारेला लागत नाही, माझी बोटं जाडी असल्यामुळे स्टीलवर डी कॉर्ड धरला की पहिली तार कायम मुकी, नायलॉनवर तो त्रासच नाही. आणि टोकं सोलवटत नाहीत. यामाहाची सी-४० घेतली, अजून तीच आहे. स्ट्रमिंगला (सगळ्या तारांवरून हात फिरवून वाजवताना) स्टीलसारखी खणखणत नाही हे मान्य, पण भावगीताला खणखणाट हवाय कोणाला. दुकानात जाऊन दोन्ही मांडीवर घेऊन बघा एवढंच म्हणेन, इथे कोणाचं ऐकून ऑनलाइन मागवू नका, माझंही नाही.

टोकांचं दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी होतं, कातडी निबर होते, पण रोज वाजवलं तर. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन तास बसलं की दर रविवारी पहिल्यापासून सुरू. रोज पंधरा-वीस मिनिटं, तीही एकदम नको, सकाळी चहा उकळेपर्यंत जरा आणि रात्री जेवणानंतर जरा. गिटार कपाटात ठेवली की संपलं, बाहेर दिसेल अशी ठेवा (पावसाळ्यात कुठे ते जाणकार सांगतील). भांडी घासल्यावर, अंघोळ केल्यावर लगेच वाजवू नका, मऊ झालेली कातडी लगेच सोलते.

तार दाबताना बोट फ्रेटच्या अगदी मागे, जवळजवळ टेकून ठेवा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो. किती जोर पुरतो ते शोधायचं तर बोट तारेवर नुसतं ठेवा, वाजवत वाजवत हळूहळू दाबत जा, जिथे आवाज स्वच्छ झाला तिथे थांबा. आपण सगळेच त्याहून कितीतरी जास्त दाबत असतो, त्यात पेटीवाल्यांना भात्याची सवय असल्यामुळे डावा हात जोरात चालतो असं माझं एक निरीक्षण आहे, ते चूकही असेल.

सी-जी च्या बदलाला एकच औषध. मोबाइलवर एक मिनिट लावा, त्या मिनिटात फक्त सी-जी, सी-जी, किती वेळा झालं ते मोजा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. गाणं नको, ताल नको. जस्टिन गिटार नावाची साइट आहे, तिच्यावरचा सुरुवातीचा पूर्ण कोर्स फुकट आहे, हा व्यायाम तिथलाच. माणूस इंग्रजीत बोलतो पण सावकाश बोलतो आणि हसत हसत अपमान करत नाही. जवळ जाणारं बोट आधी, लांबचं नंतर, असं करू नका, सगळी एकदम उचलायची आणि एकदम ठेवायची, सुरुवातीला विचित्र वाटेल.

एफ तूर्त विसरा. सहापैकी खालच्या चारच तारा वाजवा, त्यातली सगळ्यात बारीक मोकळी सोडा. त्याला एफ मेजर सेव्हन म्हणतात, भावगीतात तर तो एफपेक्षा गोड लागतो.

पेटीवाली_डिचोली:

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. शेजारच्या मुलाकडून कॅपो आणला, पहिल्या फ्रेटवर लावून एफचा आकार धरला आणि चक्क चार तारा वाजल्या! म्हणजे नटच. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावली तर साडेतीनच्या वर येतंय. आणि मी इतके दिवस हाताला तेल चोळतेय.

गिटार मोठ्या पोटाची आहे, ड्रेडनॉट म्हणतात ना तीच, उजवा हात वरून टाकला की खांदा कानाला लागतो. अजून एक, हे इथे विचारावं की नाही माहीत नाही, पण सकाळी उठल्यावर डाव्या हाताची अनामिका आखडलेली असते, सरळ करताना टक करून सुटते. शुगर थोडी बॉर्डरवर आहे. गिटारमुळे झालं का हे?

आणि चवथीला (गणपतीला) घरी सगळे जमतात, तोवर एखादं गाणं धड वाजवता यावं अशी इच्छा आहे. घुमट आरतीत गिटार घुसवणार नाही, काळजी नसावी, आरत्या झाल्यावर रात्री बसतो ना गप्पा मारत, तेव्हाचं म्हणतेय.

हाडं_सांधे_पणजी:

मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून फक्त बोटाबद्दल. ताई, सकाळी अडकणारं आणि टक करून सुटणारं बोट हे ट्रिगर फिंगरचं लक्षण असू शकतं. बोट वाकवणारी दोरी ज्या बोगद्यातून सरकते तिथे सूज येऊन ती अटकते. चाळिशी-साठीच्या बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये ते जास्त दिसतं, फ्रोझन शोल्डरचंही तसंच. गिटारने ते सुरू झालं असं इथे बसून म्हणता येणार नाही, पण असलेलं वाढू शकतं, तेव्हा आधी ऑर्थोपेडिककडे दाखवा आणि शुगरचा रिपोर्ट सोबत न्या. लवकर दाखवलं तर बऱ्याचदा विश्रांती, पट्टी किंवा एखादं इंजेक्शन यावर भागतं.

दुखणं कुठलं चालेल आणि कुठलं नाही ते सगळ्यांनीच लक्षात ठेवा. बोटांच्या टोकाला झोंबणं चालेल. मनगट दुखणं, अंगठा-तर्जनी-मधलं बोट यांना मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं हे चालणार नाही, तिथे थांबायचं. बार कॉर्डसाठी (एफसारखा, एक बोट आडवं टाकून धरतात तो) मनगट पुढे काटकोनात वाकवून अंगठ्याने चिमटा काढल्यासारखं आवळतात, ते सगळ्यात वाईट. गिटारीचं डोकं थोडं वर घ्या, शास्त्रीय गिटारवाले डाव्या पायाखाली छोटं स्टूल ठेवतात ते उगाच नाही, मनगट आपोआप सरळ होतं. बसून वाजवतानाही पट्टा लावा, गिटार सांभाळण्याचं काम डाव्या हाताकडे राहत नाही.

ड्रेडनॉटबद्दल, तुमचा खांदा बरोबर सांगतोय. पुढे कधी दुसरी घ्यायची वेळ आली तर कमी खोल पोटाची घ्या.

चष्म्याचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते, प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मानेकडे वाकून बघताना धूसर दिसतं आणि माणूस गिटार आडवी करून मान मोडतो. मानेच्या वरच्या कडेला तुमच्याकडे तोंड करून ठिपके असतात, तिसरा, पाचवा, सातवा, नववा, बारावा फ्रेट. त्यांच्याकडे बघायची सवय करा, समोरून बघू नका.

नादखुळा_नाट्यवेडा:

मी थोडं कडू बोलणार आहे, राग मानू नये. ज्या मंगेशीने दीनानाथ दिले, अभिषेकीबुवा दिले, ज्या केरीने केसरबाई दिल्या त्या गोव्यात आपण अभंगाखाली सी-जी-ए मायनर खडखडवणार का? आपलं संगीत एका सुराचं, मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं. कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम, त्यातला एखादा तरी रागाला वर्ज्य असतोच. यूट्यूबवर हल्ली अनप्लग्ड अभंग म्हणून जे चाललंय ते ऐकवत नाही. पेटी येते ना ताई तुम्हाला, मग तीच पुढे न्या, चांगला गुरू करा, दहा वर्षं द्या. दोन दगडांवर पाय कशाला.

कोमल_निषाद:

नाट्यवेडा काका, राग नाही, पण पेटीच्या बाजूने बोलताना जरा जपून 🙂 पेटीसुद्धा युरोपातूनच आली, आणि तिच्यावर मींड येत नाही म्हणूनच आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती. तेव्हाही लोक हेच म्हणत होते. आणि गिटारवर मींड येत नाही असं नाही हां, ब्रिजभूषण काबरांनी ती आडवी ठेवून स्लाइडने राग वाजवले, विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा तर जगाने ऐकली. पण ते जाऊ दे, ताईंना ते करायचं नाहीये. तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं, अभंगाखाली कुठलेही तीन कॉर्ड फिरवले की राग मरतो. म्हणून कुठले फिरवायचे ते कानाने ठरवायचं, आणि ताईंकडे तो कान आहे, क्लासातल्या पोरांकडे तो नाही.

मी फोंड्याला भजनात वाढलो, तबला, मग गिटार, आता थोडंफार शिकवतो. ताई, पेटी हीच तुमची सगळ्यात मोठी पुंजी आहे. गिटारचा एक फ्रेट म्हणजे पेटीची लगतची पट्टी, काळी धरून. सहा मोकळ्या तारा जाडीकडून बारीककडे अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि पुन्हा पांढरी तीन. सी म्हणजे पांढरी एक. हे एकदा डोक्यात बसलं की कॉर्डचे तक्ते पाठ करायचे राहत नाहीत, सी कॉर्ड म्हणजे पांढरी एकचा सा-ग-प, एवढंच. ए मायनर म्हणजे पांढरी सहाचा सा, कोमल ग, प. पेटी शेजारी ठेवून एकेक कॉर्ड उलगडून बघा, एका दुपारीत होईल. तारा लावायला ट्यूनर अ‍ॅप वापरा पण नंतर पेटीवर पडताळून बघा, कान तयारच आहे तर त्याला काम द्या.

आता पट्टीचं, म्हणजे सा कुठे धरायचा त्याचं. तुमचं मंडळ बहुतेक काळी चार किंवा पांढरी पाचला गात असेल. काळी चार हवी तर कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि आकार जी चे. काळी एक हवी तर कॅपो पहिल्यावर आणि सी चे आकार. काळी दोनला डी चे आकार, कॅपो पहिल्यावरच. म्हणजे नवीन कॉर्ड शिकायचे नाहीत, कॅपो सरकवायचा. आणि कॅपो लावला की नटच्या उंचीचा प्रश्न तात्पुरता मिटतो, हा वर जो प्रयोग झाला त्याचंच उत्तर. सेटअप होईपर्यंत आणखी एक युक्ती, सगळ्या तारा एक पूर्ण सूर उतरवून लावा आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर ठेवा. पट्टी मूळचीच राहते, तारांचा ताण मात्र साधारण वीस टक्क्यांनी उतरतो.

आता रागाचं, काकांसाठी पण. यमन घ्या, सा पांढरी एक. यमनमध्ये शुद्ध मध्यम नाही, आणि एफ कॉर्डचा पायाच पांढरी चार, म्हणजे शुद्ध मध्यम. म्हणजे यमनमधल्या गाण्याला एफ लागतच नाही, उलट तो वाजवला तर चूक! त्याच्या जागी डी मेजर येतो, त्यात तीव्र मध्यम आहे. सी, डी, जी, ई मायनर यांच्यावर यमनमधलं भावगीत निघतं, तुम्हाला एफचा एवढा वैताग आहे तर सुरुवात यमनपासूनच करा ना. भैरवी हवी असेल तर सा पांढरी तीनवर धरा, रे ग ध नि कोमल केले की पेटीवर सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या येतात, बघा करून. गिटारवर ई मायनर, ए मायनर, जी, सी. (इथे मात्र एफ हवा, कारण कोमल रिषभ, पण उशिरा_सूर काकांचा चार तारांवाला चालेल.) गायला पट्टी खाली वाटली तर कॅपो चौथ्यावर, काळी चार आली.

जिथे शंका असेल तिथे कॉर्ड नको, नुसते सा आणि प वाजवा, तंबोऱ्याच्या जागी. गंधार नाही तर भांडण नाही. तीव्र मध्यमावर किंवा कोमल धैवतावर गाणारा थांबला की हात उचलायचा, त्याला जागा द्यायची. कुठे वाजवायचं नाही हे ज्याला कळतं त्याची साथ गोड लागते, हे पेटीवालीला मी काय सांगणार.

तालाचं तर मजाच आहे. केरवा तोंडाने म्हणा आणि उजवा हात खाली-वर, खाली-वर न थांबता हलवत राहा. धा ला खाली मारा, गे ला हात नुसता हवेतून वर, ना खाली, ती वर, न ला हवेतून खाली, क वर, धी खाली, न वर. झालं, यूट्यूबवर जो सगळ्यांना शिकवतात तोच पॅटर्न आहे हा. दादऱ्याला (सहा मात्रा) धा वर एकच जाड तार, धी-ना ला खालच्या तारा, मग धा वर परत जाड तार, ती-ना. आपला मांडो (गोव्याचं कोंकणी गाणं) पण सहाच्याच चालीत असतो, त्यामुळे चवथीला एखादा शेजारी मांडो म्हणायला लागला तरी अडणार नाही. फक्त मांडो फार सावकाश असतो, हात पळवू नका.

उशिरा_सूर:

यमनला एफ लागत नाही हे वाचून मी जागेवर उठून गिटार घेतली. एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं हे.

क्लासबद्दल एक राहिलं. गटात जाऊ नका, आठवड्याला अर्धा तास एकट्याने शिकवणारा बघा आणि पहिल्याच दिवशी सांगा की मी गाणी आणणार, तुम्ही त्यावर शिकवा. आपल्याकडे शिकवणाऱ्यांची वानवा नाही, पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना सुरावटी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, त्याचा वारसा सासष्टी-बारदेशात अजून दिसतो, एकेका वाड्यावर दोन-तीन वाजवणारे सापडतात. पणजीत कांपालला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे चौकशी केली तर डिचोलीकडे येणारा एखादा शिक्षक कळेल. ट्रिनिटीच्या (लंडनच्या संगीत परीक्षा मंडळाच्या) परीक्षा देता येतात, इनिशियल आणि मग एक ते आठ ग्रेड, वयाची अट नाही. मी एक दिली, बाहेर बाकावर सगळ्या मुलांच्या आया आणि मध्ये मी, एकीने विचारलं तुमचा नातू आत गेलाय का. तुम्हाला नोटेशनची आवड असेल तर द्या, नाहीतर काही अडत नाही.

नादखुळा_नाट्यवेडा:

कोमल_निषाद, नुसते सा-प वाजवणार असाल तर माझी हरकत मागे. गंधार नाही तर भांडण नाही, हे बरोबर आहे. डी मेजरचं मात्र मी ऐकल्याशिवाय मानणार नाही, त्यातला पंचम म्हणजे धैवत, तो प्रत्येक ठिकाणी चालणार नाही. पेटीवर वाजवून बघतो आज.

पेटीवाली_डिचोली:

काका, मी पण बघितलं वाजवून, समेवर नको वाटतो पण मधल्या जागी छान लागतो.

ऑर्थोची वेळ घेतली आहे, तोवर अनामिका लागणार नाही असे कॉर्ड वाजवते, ई मायनर दोन बोटांत होतो. सेटअप आत्ता पावसात करून घेऊ की पाऊस संपल्यावर? मिरगाचा पाऊस धरल्यापासून तारा आणखी वर गेल्यासारख्या वाटतात, की माझाच भास? शिवाय तारांना आत्ताच तांबूस डाग दिसायला लागलेत. आणि मंगळसूत्राने गिटारीच्या पाठीवर चरे पडतात त्याला काय करतात बायका?

सहा_तारा:

भास नाही. लाकूड दमट हवेत फुगतं, पुढची फळी पोटासारखी वर येते, तिच्यावरचा ब्रिज वर उचलला जातो आणि तारा चढतात. गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ८५ च्या वर असते. तुमची गिटार प्लायची असेल, म्हणजे लॅमिनेट, तर हे कमी होतं. इथे लोक हौसेने सॉलिड टॉप (पुढची फळी अखंड लाकडाची) घेतात आणि पहिल्याच पावसाळ्यात रडत येतात, गोव्यात प्लायची गिटार हे वरदान आहे असं माझं स्पष्ट मत आहे, दुकानदाराला आवडो न आवडो.

नटचं काम आत्ताच करून घ्या, त्यावर पावसाचा फारसा फरक पडत नाही. सॅडल मात्र आत्ता खूप खाली घासू नका, डिसेंबर-जानेवारीत फळी पुन्हा बसली की तारा खरखरायला लागतील. करणाऱ्याला सांगा की थोडं राखून घास, किंवा जुनं सॅडल ठेवून देऊन पावसाळ्यासाठी दुसरं बनवून घ्या, माझे बरेच गिऱ्हाईक दोन सॅडल ठेवतात.

ठेवायची कुठे? बाहेरच्या भिंतीला टांगू नका, ती भिंत घाम गाळते. आतल्या खोलीत, बॅगेत, सोबत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या. निळी गुलाबी झाली किंवा केशरी हिरवी झाली की काम संपलं, मंद आचेवर कोरड्या जुन्या तव्यात परतून घ्या, रंग परत येतो, तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. ऊन पडलं की बॅग उघडून तास-दोन तास हवेला ठेवा, थेट उन्हात नाही. कपाटात रेशमी साड्यांसाठी लोक बल्ब लावून ठेवतात तसं गिटारीला करू नका, एका बाजूने तापून मान वाकते.

तारा वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसा, खालूनही, फडकं तारांखालून सरकवायचं. कोटेड तारा (गंजू नयेत म्हणून लेप दिलेल्या) मिळतात, दुप्पट-तिप्पट महाग पण आपल्या हवेत परवडतात. तांबूस डाग पडलेल्या बोटांना जास्त टोचतात, तेव्हा आहेत त्या बदलाच.

मंगळसूत्र मागे पाठीवर टाका किंवा ओढणीचा पदर मध्ये घ्या, माझी बायको पदरच घेते. उजव्या हातातल्या बांगड्या काढा, फळीवर वाजतात आणि रेकॉर्डिंगमध्ये तर फार ऐकू येतात.

आणि नवीन तारा चवथीच्या आदल्या दिवशी घालू नका. नवी तार ताणत राहते, सूर उतरत राहतो, दर दोन कडव्यांनी लावत बसाल. निदान चार-पाच दिवस आधी घाला, रोज वाजवा, घातल्यावर प्रत्येक तार मध्ये धरून हलकेच ओढायची आणि पुन्हा लावायची, असं तीन-चारदा केलं की टिकतात. बॅगेच्या खिशात बारीक पहिली तार एक जादा ठेवा, तीच तुटते.